वेदना, जाणीव आणि मूल जन्माला घालण्याचा प्रश्न

तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कशाला दिले आहे ते इतर वाचकांनाही कळेल. वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला, शेवटचे काही महिने त्यांनी असह्य वेदनेत काढले आणि त्या काळात तुमच्या मनात रुजलेला एक विचार अजून गेलेला नाही. जिथे जाणीव आहे तिथे यातना असणारच. जाणीवच नसती तर कुणालाही काही सोसावे लागले नसते. मग जीवसृष्टी निर्माणच न होणे अधिक चांगले नव्हते का? आणि तसे असेल, तर तुम्ही आणि तुमच्या पत्नीने आता मूल जन्माला घालणे हा त्या मुलावर अन्याय ठरत नाही का? मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली बरीच वर्षे विदर्भात वेदनाशमनाचे व उपशामक सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, काम करते. माणसाची जाणीव काही तासांपुरती घालवणे आणि ती सुखरूप परत आणणे हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न तुम्ही मला विचारलात. मी त्याच व्यवसायाच्या आधाराने उत्तर देणार आहे.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. जे आयुष्य चालू आहे ते पुढे चालू राहावे का, हा पहिला. जे अजून अस्तित्वातच नाही ते आणावे का, हा दुसरा. आणि मुळात कुठेही, कुणाचेही जीवन असावे का, हा तिसरा. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की मोठी गफलत होते. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध घेणे थांबवले. आपले आयुष्य पुरे झाले असा तो निर्णय होता, आयुष्य मुळात नको होते असा नव्हे. असाध्य दुखण्यात ‘आता सोडवा’ म्हणणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत, पण त्यांपैकी फार थोड्यांनी ‘मी जन्मलोच नसतो तर बरे झाले असते’ असे म्हटले. हे दोन उद्गार आपण बाहेरून एकाच रांगेत बसवतो. बोलणाऱ्याच्या मनात ते एका रांगेत नसतात. इथेच एक गोष्ट स्पष्टपणे विचारते, कारण डॉक्टर म्हणून ती विचारणे माझे कर्तव्य आहे. हा विचार जगाविषयी न राहता तुमच्या स्वतःच्या जगण्याविषयी होऊ लागला असेल, तर तत्त्वज्ञानाची चर्चा बाजूला ठेवा आणि आजच कुणा जवळच्या माणसाशी किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. शोकातून येणारे नैराश्य तर्काच्या भाषेत बोलते आणि ते फार पटण्यासारखे बोलते.

आता वेदनेकडे वळू. वेदना हा सृष्टीचा दोष आहे, असे गृहीत धरून तुमची मांडणी सुरू होते. शरीरशास्त्र सांगते ते थोडे वेगळे आहे. २००६ साली उत्तर पाकिस्तानातील काही नातेसंबंधित कुटुंबांमध्ये एक जनुकीय दोष सापडला, ज्यामुळे त्या मुलांना जन्मापासून वेदना म्हणजे काय हेच माहीत नव्हते. त्यांतला एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवीत असे. दंडात सुऱ्या खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. चौदावा वाढदिवस येण्याआधीच घराच्या छतावरून उडी मारल्याने तो दगावला. संशोधकांनी तपासलेल्या इतर मुलांच्या ओठांना आणि जिभेला चावल्याच्या जखमा होत्या, हाडे मोडून नकळत वेडीवाकडी जुळलेली होती. आपल्याकडे वरोऱ्याच्या आनंदवनात किंवा वर्ध्याजवळ दत्तपूरला ज्यांनी कुष्ठरोग्यांमध्ये काम केले त्यांना हे पाठ आहे. बोटे रोगाने थेट झडत नाहीत; संवेदना गेल्यामुळे चुलीवरचे भांडे कळत नाही, चपलेतला खडा कळत नाही, आणि जखमेवर जखम होऊन बोटे जातात. वेल्लोरला हे काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत अशा रुग्णांसाठी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यांत दाब ओळखणारे संवेदक बसवले आणि दाब वाढला की इशारा मिळेल अशी सोय केली. झाले असे, की काम अर्धवट राहू नये म्हणून रुग्ण तो इशाराच बंद करून टाकीत. खऱ्या वेदनेचा उपयोग होतो, कारण ती आपल्याला बंद करता येत नाही. निदान आपल्यासारख्या शरीराच्या प्राण्याला यातनाक्षमतेशिवाय शाबूत राहणे जवळजवळ अशक्य आहे.

पण याच ठिकाणी मी थांबते, कारण हा युक्तिवाद पुढे ताणून अनेक लोक वेदनेचे समर्थन करू लागतात. तुमच्या वडिलांच्या जबड्यात पसरलेल्या गाठीची वेदना त्यांना कशापासूनही वाचवत नव्हती. इशारा मिळून झाला होता, निदान झाले होते, करण्यासारखे होते ते करून संपले होते, तरी मज्जातंतू तोच निरोप रात्रंदिवस पाठवत राहिले. यातनेने माणूस घडतो, मन शुद्ध होते, असे अशा माणसाच्या खाटेशी उभे राहून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. ज्यांना वेदनेने घडवले असेल त्यांनी स्वतःविषयी तसे म्हणावे. दुसऱ्याच्या वतीने तसे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. तेव्हा तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. जगात निरर्थक यातना आहे, ती थोडीथोडकी नाही आणि तिच्यामागे काही हेतू असल्याचे मला कधी आढळलेले नाही.

जाणिवेविषयी तुम्ही लिहिता की ती नसती तर प्रश्नच उरला नसता. हे खरे आहे, पण जाणीव आहे की नाही हे ठरवणे किती अवघड आहे हे आमच्या कामात वारंवार दिसते. शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही झोपेचे औषध देतो, वेदनाशामक देतो आणि स्नायू सैल करणारे तिसरे औषध देतो. या तिसऱ्या औषधामुळे रुग्ण हलू शकत नाही, म्हणजे आत जाग असली तरी ती बाहेर दिसत नाही. १९७७ साली स्कॉटलंडमध्ये एक साधी युक्ती सुचवली गेली. स्नायू सैल करण्याचे औषध देण्यापूर्वी एका हातावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून त्या हातात औषध पोचू द्यायचे नाही, आणि मग भूल दिलेल्या रुग्णाच्या कानाशी जाऊन म्हणायचे, ‘ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.’ काही अभ्यासांत तीनांपैकी एकापर्यंत रुग्णांनी हात दाबला. इतर अभ्यासांत हे प्रमाण याहून पुष्कळ कमी निघाले. जागे झाल्यावर त्यांच्यापैकी जवळजवळ कुणालाही काहीही आठवत नव्हते. ज्याने हात दाबला तो त्या क्षणी कुणीतरी होता का? त्याला दुखत असेल आणि नंतर आठवत नसेल, तर ते दुखणे झाले की नाही? तत्त्वज्ञांनी यावर पुष्कळ लिहिले आहे, पण आमच्या टेबलापाशी उत्तर एकच चालते. नाडी वाढली, रक्तदाब चढला, बंद पापणीच्या कडेला पाणी आले, की रुग्णाला दुखते आहे असे धरून औषध वाढवायचे. त्याला आठवणार नाही ही सबब चालत नाही.

ही सावधगिरी वैद्यकशास्त्राला उशिरा सुचली, हे सांगताना मला आजही वाईट वाटते. १९८० च्या दशकापर्यंत अनेक देशांत नवजात बालकांवर अगदी तुटपुंजी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. त्यांचे मज्जातंतू पुरते विकसित नसतात, त्यांना आठवत नाही, आणि भुलीची औषधे त्यांना धोक्याची असतात, अशी कारणे दिली जात. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत पुरेसे वेदनाशामक दिले तर त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. ज्याला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही त्याला दुखत नाही, हे गृहीत तिथे कोसळले. प्राण्यांच्या बाबतीतही तेच घडत आहे. ब्रिटनने २०२२ मध्ये प्राण्यांच्या संवेदनक्षमतेचा कायदा केला, त्यात खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपस यांचाही समावेश आहे.

आपल्या जवळचे उदाहरण अरुणा शानबाग यांचे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयाच्या आवारातच अमानुष हल्ला झाला, गळा आवळल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. त्यांचे अन्न थांबवण्यात यावे यासाठी झालेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या समितीला असे आढळले, की खोलीत फार माणसे आली तर त्या अस्वस्थ होतात आणि माणसे कमी झाली की शांत होतात. त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांचे म्हणणे होते की त्यांना खाण्यातली आवडनिवड कळते, मासे दिले की आवडतात. बाहेरून पाहणाऱ्या करुणावान माणसांना ते जगणे म्हणजे निव्वळ यातना वाटत होती. रोज तोंड पुसणाऱ्या, कूस बदलणाऱ्या हातांना ते तसे वाटत नव्हते. कोण बरोबर होते हे मी ठामपणे सांगू शकत नाही. मात्र इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नाही असे जे सांगितले जाते, त्यामागे किती श्रम असतात हे मला ठाऊक आहे, आणि ज्यांनी ते श्रम केले त्यांच्या निरीक्षणाला मी अधिक वजन देते.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे. तुम्ही ज्या युक्तिवादाचा आधार घेता तो दक्षिण आफ्रिकेतील तत्त्वज्ञ डेव्हिड बेनाटार यांनी २००६ मध्ये तपशीलवार मांडला. त्याचा गाभा असा: माणूस अस्तित्वात असेल तर त्याला होणारी वेदना वाईट आणि मिळणारे सुख चांगले. माणूस अस्तित्वातच नसेल तर वेदना नाही, हे चांगले, मग ते चांगलेपण भोगायला कुणी नसले तरी. आणि सुख नाही, हे मात्र वाईट नाही, कारण मुकणारा कुणी नाही. अशा हिशेबात न जन्मणाऱ्याचे पारडे नेहमीच जड ठरते. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, आणि ज्याने एखाद्या जवळच्या माणसाचे हाल पाहिले आहेत त्याला तो लगेच पटतो.

माझा आक्षेप शस्त्रक्रियागृहातला आहे. भूल दिलेल्या माणसाला वेदना होत नाही, ही मी रोज निर्माण करते ती गोष्ट, आणि ती चांगली आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण ती चांगली कशामुळे आहे? टेबलावर कुणीतरी आहे, त्याला दुखले असते, आणि तासाभराने डोळे उघडून तो ‘झालं का?’ असे विचारणार आहे, म्हणून. त्याच्या शेजारच्या रिकाम्या टेबलावरही वेदना नाही. त्या रिकाम्या टेबलावरची वेदनाहीनता हे काही चांगले घडले, असे आमच्यापैकी कुणीही मानत नाही. तिथे ना चांगले घडले ना वाईट. वेदना नसण्याचे चांगलेपण नेहमी कुणाचे तरी असते. ते ‘कुणाचे तरी’ काढून घेतले की उरते ती फक्त रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेला जगलेल्या आयुष्यापेक्षा श्रेष्ठ ठरवण्यासाठी लागणारा मापदंड कुठून आणायचा हे मला त्या युक्तिवादात सापडत नाही. त्याचे समर्थक म्हणतील, की ही तुलना ‘जन्मला असता तर’ त्या व्यक्तीच्या हिताची आहे. तसे असेल तर मग ‘जन्मली असती तर’ तिला मिळाले असते ते सुखही त्याच हिशेबात धरावे लागेल. एकाच बाजूला जर-तर लावता येणार नाही.

आपल्याकडच्या दर्शनांचा दाखला देऊन ‘दुःखच सत्य आहे’ असे म्हणणारे मला भेटतात. सांख्यकारिकेचा आरंभ तीन प्रकारच्या दुःखांच्या आघातापासून होतो आणि बुद्धाचे पहिले आर्यसत्य दुःखाचेच आहे, हे खरे. पण त्या विचारात दुःख हे निदान आहे, आणि निदानानंतर उपचार येतो. पुन्हा जन्म नको, हे ध्येय तिथे आहेच. तरी ते ज्याने त्याने स्वतःसाठी गाठायचे आहे, आणि त्यासाठी मनुष्यजन्म दुर्लभ व मोलाचा मानला आहे. इतरांचे जन्म थांबवून जग रिकामे करा, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

सुख-दुःखाची बेरीज-वजाबाकी करून आयुष्याचा निकाल लावता येतो का, यावर मी सर्वांत जास्त विचार केला तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमुळे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत हा आजार घराघरांत माहीत आहे. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला माणूस, म्हणजे ‘एएस पॅटर्न’वाला वाहक, बहुधा निरोगी असतो आणि तीव्र मलेरियापासून त्याला संरक्षणही मिळते, म्हणूनच मलेरियाग्रस्त जंगलपट्ट्यांत हा जनुक पिढ्यान्पिढ्या टिकून राहिला. पण दोन वाहकांनी लग्न केले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी असते, की मूल ‘एसएस’, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेले, निघेल. त्या मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात वेदनेचा झटका येतो. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, शेतात जास्त राबणे, यांपैकी काहीही त्याला पुरते. निसर्गाची निर्दयता कुणाला समजून घ्यायची असेल तर तिचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही: काही भावंडांना मलेरियापासून वाचवण्याची किंमत एका भावंडाच्या हाडांतून वसूल केली जाते, आणि हा व्यवहार ठरवणारे तिथे कुणीही नसते.

अशीच एक मुलगी, वय वर्षे एकोणीस, नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला शिकणारी, झटका आला की आमच्याकडे भरती होत असे. दोन्ही मांड्यांची हाडे आतून कुणी पिळत असल्यासारखी ती पाय पोटाशी घेऊन पडायची. शून्य ते दहा या मोजपट्टीवर किती दुखते असे विचारले की बोलायची नाही, दोन्ही हातांची बोटे पसरून दाखवायची. सलाइन, मॉर्फिन, ऊब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उशाशी पुस्तक उघडलेले. एकदा धीर करून तुमचाच प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, “मॅडम, दुखतं तेव्हा मरावंसं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण थांबलं की मला पेपर द्यायचा असतो.” थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाली, “लग्नाआधी तपासणी करा, अशी मुलं जन्मूच देऊ नका, असं गावात सांगतात ना, तेव्हा मी समोरच बसलेली असते. बरोबर सांगतात ते. मीही नवऱ्याची तपासणी करूनच लग्न करणार आहे. पण मी चुकून जन्मले असं मला नाही वाटत.”

तिच्या या शेवटच्या तीन वाक्यांत विसंगती आहे असे प्रथम वाटते. मला वाटते त्यात विसंगती नाही. येणाऱ्या मुलाच्या वाट्याला हा आजार येऊ नये यासाठी काळजी घेणे वेगळे, आणि आलेल्या माणसाचे आयुष्य ही चूक होती असे म्हणणे वेगळे. वेदनेच्या तासाला तिने दिलेला कौल आणि वेदना ओसरल्यावर दिलेला कौल यांतला खरा कुठला, हे ठरवणारी तिसरी जागा नाही. दोन्ही तिचेच आहेत, आणि दोन्ही सांभाळून पुढे कसे जायचे हे तीच ठरवते. तिच्या दहा बोटांचा आकडा घेऊन ‘पाहा, जगणे किती वाईट’ असे सिद्ध करणारा माणूस तिच्या उशाशी उघडलेले पुस्तक हिशेबात धरत नाही. तितकेच, त्या पुस्तकाकडे बोट दाखवून ‘पाहा, वेदनेतही आशा’ असे म्हणणारा तिच्या बोटांकडे पाहत नाही.

तुमच्या मांडणीत आणखी एक गोष्ट गृहीत आहे: आज जितकी यातना दिसते तितकी अटळच आहे. इतिहास तसे सांगत नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली, त्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे माणसाला चौघांनी धरून ठेवून कापणे होते. १८४० साली कुणी विचारवंताने मानवी यातनांची यादी केली असती तर सुरीची वेदना त्यात अटळ म्हणून लिहिली असती. आज ती यादीत नाही, आणि ती आपोआप गेलेली नाही.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या देशातले आहे. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात कायदेशीर अफूची शेती होते आणि त्यातून मॉर्फिन तयार करता येते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचे जाळे इतके किचकट झाले, की पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. कर्करोगाचे रुग्ण तडफडत होते आणि औषध दुकानात नव्हते, कारण ते ठेवायला लागणारे कागद जमवणे कुणाला परवडत नव्हते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त संस्थांना एकाच परवान्यावर मॉर्फिन ठेवणे शक्य झाले, तरी जिल्ह्याच्या ठिकाणापलीकडे ते आजही सहज मिळत नाही. आणि जिथे मिळते तिथे नातेवाईक घाबरतात. मॉर्फिन सुरू केले म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, माणसाला व्यसन लागेल, श्वास बंद पडेल, ही भीती मी रोज ऐकते. त्याहून खोल रुतलेले वाक्य आहे, ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे.’ रुग्ण स्वतःच्या समाधानासाठी तसे म्हणत असेल तर मी वाद घालत नाही. पण मुलगा वडिलांच्या वतीने ते म्हणू लागला, की मी त्याला बाहेर बसवून अर्धा तास बोलते.

तुमच्या वडिलांविषयी तुम्ही जे वर्णन केले आहे, त्यावरून मला काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. त्या दोष देण्यासाठी नाहीत. दर चार तासांनी तोंडाने घ्यायची मॉर्फिनची साधी गोळी, तिच्यासोबत न चुकता बद्धकोष्ठ होऊ न देणारे औषध, मज्जातंतूंच्या जळजळीसाठी वेगळी गोळी, गरज पडल्यास चेहऱ्याच्या नसेला इंजेक्शनने बधिर करणे, आणि ज्या वासामुळे घरातली माणसे लांब बसू लागली होती असे तुम्ही लिहिले आहे त्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक कुटून जखमेवर टाकणे: एवढ्या गोष्टींनी अशा बहुतेक रुग्णांची रात्रीची झोप परत येते आणि माणसे पुन्हा शेजारी बसू लागतात. त्यांच्या शेवटच्या महिन्यांतली बरीचशी यातना जाणिवेतून आली नव्हती. ही सेवा त्यांच्यापर्यंत न पोचल्यामुळे आली होती. सेवेच्या अभावाचा पुरावा सृष्टीविरुद्ध वापरला जातो तेव्हा मला अस्वस्थ वाटते, कारण त्यामुळे ज्यांनी काही करायला हवे होते ते सगळे सुटतात.

तरीही सगळे हाताळता येते असा दावा मी करणार नाही. थोडे रुग्ण असे असतात ज्यांची वेदना किंवा घुसमट कुठल्याही औषधाने आटोक्यात येत नाही, आणि तिथे शेवटच्या दिवसांत संमतीने झोपेचे औषध चालू ठेवणे एवढेच आमच्या हातात उरते. शेवटी कृत्रिम उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. तुमच्या आईशी याविषयी आताच बोला. आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा एक भाग माझ्या आवाक्याबाहेर आहे. जंगलात, समुद्रात जन्मलेल्या जिवांपैकी बहुसंख्य जीव थोड्या दिवसांत मरतात, कुणी खाल्ले जातात, कुणी उपाशी मरतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांना दुखते असे मानायला आता सबळ कारणे आहेत. त्यांच्या उशाशी उघडे पुस्तक नसते. या सृष्टीचे एकूण गणित चांगले आहे असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही. ते वाईट आहे असे म्हणणाऱ्याने ते गणित केले कसे, एवढेच मी विचारते.

राहिला तुमच्या घरातला प्रश्न. मूल न होऊ देण्याचा निर्णय पूर्णपणे तुमचा दोघांचा आहे आणि त्यासाठी कुणाला कारण देण्याची गरज नाही. इच्छा नाही, हेही पुरेसे आहे. पण न जन्मलेल्या मुलावर उपकार करत आहोत म्हणून तो घेत असाल तर मी असहमत आहे, कारण तो उपकार ज्याच्यावर करायचा असा कुणीही नाही. उलट, तुमच्या पत्नीला मूल हवे आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्या आहेत, त्यांना दुखते आहे, त्यांचे म्हणणे या पूर्ण प्रश्नात एकाच ओळीत आले आहे. मूल झाले तर त्याला कधी ना कधी दुखेल, हे नक्की. त्याला दुखेल तेव्हा तुम्ही काय कराल, याचे उत्तर तुमच्याजवळ आहे का, हे दोघांनी एकमेकांना विचारा. तुम्ही दोघेही पूर्व विदर्भातले आहात आणि तपासणीचा उल्लेख तुमच्या लिखाणात कुठे नाही, म्हणून निर्णय काहीही होवो, दोघांची सिकलसेलची रक्ततपासणी आधी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती होते. दोघेही वाहक निघालात तर गर्भधारणेपूर्वीच समुपदेशकाला भेटा, आणि त्या भेटीला एकट्याने जाऊ नका.